कॉस्टको, वर्षाचं धान्य आणि घरातली तोंडं

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये नवं बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी जोडप्याला पहिल्या महिन्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ड्रायव्हिंग लायसन्स झालं का, आणि कॉस्टकोचं कार्ड काढलं का. कॉस्टको म्हणजे वर्षाची फी भरून सभासद-कार्ड काढलेल्यांना घाऊक मापात माल विकणारं गोदामवजा दुकान. लायसन्सला वेळ लागतो हे सगळ्यांना मान्य असतं. कार्ड नसलं तर मात्र विचारणारा येत्या शनिवारी स्वतःच्या गाडीतून न्यायला तयार असतो. मीही अशाच कुणाच्या तरी गाडीतून पहिल्यांदा गेले होते आणि आता नव्या मुलींना मी घेऊन जाते. परतताना एखादी चौकस मुलगी विचारतेच, "काकू, पण यात खरंच पैसे वाचतात का हो?"

वाचतात. पण कुणाचे, ते सांगायला जरा वेळ लागतो.

आधी फीचा हिशेब उरकून टाकू. बहुतेक जण नेमके तिथेच अडतात, आणि तिथे अडण्यासारखं फारसं काही नाही. साध्या कार्डाची वर्षाची फी ६५ डॉलर. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ६० ची ६५ झाली. त्याआधी २०१७ मध्ये ५५ ची ६०. समजा, नेहमीच्या सुपरमार्केटपेक्षा इथला माल दहा टक्के स्वस्त पडतो. मग वर्षाला ६५० डॉलरची खरेदी झाली की फी वसूल, म्हणजे महिन्याला पंचावन्नच्या आत. शाळकरी मुलांच्या घरात दूध, अंडी, ब्रेड आणि केळी यांवरच तेवढं होऊन जातं. वरचं एक्झिक्युटिव्ह कार्ड १३० ला. त्यावर खरेदीच्या दोन टक्के परत मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त १,२५० डॉलर. जादाचे ६५ त्या दोन टक्क्यांतून निघायचे तर वर्षाला ३,२५० ची खरेदी लागते, महिन्याला साधारण २७० ची. पेट्रोल आणि तिथल्या फूड कोर्टातलं खाणं त्यात धरत नाहीत. पैसे देताना काउंटरवर "वरचं कार्ड का घेत नाही?" असं विचारलं जातं, तेव्हा हा आकडा डोक्यात असलेला बरा.

सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुकानात शिरायचेच पैसे? मग आत सामान फुकट देतात की काय?"

थट्टेत विचारला, पण प्रश्न नेमका होता. फुकट देत नाहीत, मात्र आपल्या मालावर फार कमवतही नाहीत. कंपनीचा जुना दंडक आहे: खरेदीच्या किमतीवर ब्रँडेड मालाला १४ टक्के आणि स्वतःच्या कर्कलंड सिग्नेचरला १५ टक्के, यापेक्षा जास्त चढवायचं नाही. सुपरमार्केटवाल्यांना एवढ्यात दुकान चालवणं परवडत नाही. मग कॉस्टकोला कसं परवडतं? २०२४ च्या आर्थिक वर्षात तिला निव्वळ नफा झाला सुमारे ७३७ कोटी डॉलर, आणि नुसत्या फीपोटी जमा झाले सुमारे ४८३ कोटी. फीच्या पैशाला ना ट्रक लागतो ना गोदाम. म्हणजे दुकानदाराची पोळी पिकते ती आपण पुढच्या वर्षी पुन्हा कार्ड काढण्यावर, आणि अमेरिका-कॅनडात दहातले नऊ जण ते काढतातच. अशा दुकानाला फळीवरच्या किमतीत लबाडी करून चालणारच नाही. इथली किंमत साधारण प्रामाणिक असते हे मी बिनदिक्कत सांगते. गोम आहे ती मापात.

ती कुठून आली हे कळायला थोडं मागे जावं लागतं. सोल प्राइस नावाच्या गृहस्थांनी १९७६ मध्ये सॅन डिएगोला विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये प्राइस क्लब काढला. फी होती २५ डॉलर, आणि सुरुवातीला दार उघडं होतं ते फक्त छोट्या धंदेवाल्यांना: हॉटेलवाले, टपरीवाले, किरकोळ दुकानदार. त्यांनी तिथून खोकी उचलायची आणि आपापल्या गिऱ्हाइकांना सुटं विकायचं. तेवढ्यावर धंदा चालेना, म्हणून नोकरदार मंडळींनाही हळूहळू आत घेतलं. प्राइस यांच्या हाताखाली तयार झालेले जिम सिनेगल आणि त्यांचे भागीदार जेफ ब्रॉटमन यांनी १९८३ मध्ये सिअ‍ॅटलला कॉस्टको सुरू केलं, आणि १९९३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. प्राइस यांचा एक हट्ट होता: प्रत्येक वस्तूचं एकच माप ठेवायचं, मोठं. ज्याला लहान हवं तो दुसरीकडे जाईल. जाऊ दे, ते गिऱ्हाईक आपण समजून-उमजून सोडलं. सुपरमार्केटात तीस-तीस हजार वस्तू असतात, इथे चार हजारांच्या आसपास. मालाचे प्रकार कमी, म्हणून एकेकाची उचल प्रचंड. उचल प्रचंड, म्हणून भाव खाली. सगळं चोख आहे. फक्त जे माप मुळात हॉटेलवाल्यासाठी ठरलं होतं, ते आता आपल्या ओट्यावर येऊन बसतं.

आता पुन्हा सासूबाईंकडे येते. त्या सांगलीच्या, आणि त्यांच्या घरी अजून वर्षाचं भरतात. होळीच्या मागेपुढे नवा गहू आणि शाळू आला की पोती येतात. गच्चीवर त्याला ऊन द्यायचं, चाळायचं, निवडायचं, मग पत्र्याच्या पिंपात वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचे थर देत भरायचं. तांदळाला बोरिक पावडर, तूरडाळीला एरंडेलाचा हात. उन्हाळ्यात मिरच्यांचे देठ खुडून मसाला भाजायचा आणि डंकावर कुटून आणायचा, की वर्षाच्या चटणीची काळजी मिटली. बेसमेंटमध्ये त्यांना पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, सूनबाईने वसा चालवला म्हणून खूश होतील. त्यांनी दिवा लावून चारी बाजूंनी पाहिलं. टिश्यू पेपरचे गठ्ठे, पाण्याच्या बाटल्या, ग्रॅनोला बारची खोकी. "अगं, लग्न काढलंय का घरात?" मग बदामाच्या पिशवीत हात घालून एक बदाम अर्धा चावला, आणि बाकीचा हातातच ठेवून म्हणाल्या, "खवट व्हायला लागलेत गं. हे किती महिन्यांचं धरून आणलेस?"

बदाम किती महिन्यांचे धरून आणतात हे माहीत असलेली सून मला अमेरिकेत अजून भेटलेली नाही. तीन पौंडांची पिशवी होती. ती किती दिवसांची हे पिशवीने ठरवलं होतं.

त्यांच्या घरी ते माणसं मोजून ठरायचं. पाच माणसं, वर पै-पाहुणा. गहू दोन पोती, शाळू दीड, तांदूळ एवढा, डाळी एवढ्या. यंदा थोरली लेक सासरी गेली तर तेवढं वजा. बाजारात जाऊन कुणी असं म्हणत नसे की हे काहीतरी नवीन आलंय, एक पोतं टाका. यादी घरातून निघायची आणि बाजारात जाऊन पुरी व्हायची. शिवाय साठवायला कारण असायचं. सुगीला भाव उतरलेला असतो, पुढे चढतो, आणि पावसाळ्यात धान्याला ऊन कुठून द्यायचं? कॉस्टकोत आजचा भाव पुढच्या महिन्यातही जवळपास तोच असतो आणि दुकान रस्त्याच्या कडेला उभंच असतं. मग चार महिन्यांचा ऑलिव्ह ऑइलचा साठा घरात ठेवून आपण कमावतो काय? तेलाचं आयुष्य तेवढं आपल्या कपाटात सरतं. ह्यात सासूबाईंच्या पिंपातलं शहाणपण शोधायला जाऊ नये. माप मोठं आहे म्हणून माल घरात पडून आहे, इतकंच.

साठवायला कारण असल्याची एकच वेळ मला इथे आठवते. २० जुलै २०२३ ला भारत सरकारने बासमती सोडून बाकीच्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. बातमी फोनवर पोचायच्या आत ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून सोना मसूरी उडायला लागला. वीस-वीस पौंडांच्या पिशव्या लोक खांद्यावर टाकून नेत होते. मग दुकानांनी घरटी मर्यादा घातली. बंदी उठायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला, पण दुकानात तांदूळ कधीच परत आला होता, जरा महाग, एवढंच. त्या दिवसांतल्या पिशव्यांत सोंडे पडल्याचं पुढे दोन-तीन घरांतून ऐकलं. कडुलिंबाचा पाला न्यू जर्सीत कुठून आणायचा!

तरीही मराठी स्वयंपाकघराला कॉस्टको लागू पडतंच, हे नाकारण्यात अर्थ नाही. सगळ्यात आधी लोणी. बिनमिठाच्या लोण्याचा चार पौंडांचा खोका आणायचा आणि रविवारी सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात एकदम कढवायला ठेवायचा. आधी पांढरा फेस येतो, मग तडतडणं सुरू होतं, मग एकाएकी आवाज थांबतो आणि तळाला बदामी बेरी दिसायला लागते. तोच क्षण, एक मिनिट इकडेतिकडे झालं की तूप करपतं. इथल्या लोण्यात ८० टक्के तरी स्निग्धांश असावा असा नियमच आहे, त्यामुळे चार पौंडांचं तीन पौंडांवर तूप मिळतं. देशी दुकानातल्या तयार तुपाची बरणी हातात घेऊन हिशेब करून पाहा. मला तरी तो नेहमी एकाच बाजूला झुकलेला दिसला आहे, आणि बेरीत साखर घालून खायला मिळते ते वर.

दुसरं ग्रीक योगर्ट. चक्का टांगायची कटकट नाही, साखर आणि वेलदोडा फेटला की श्रीखंड तयार. बासमती, काजू, खजूर, दिवाळीच्या सुमारास मनुका, हे सगळं ठीक. काजू-बदाम आणल्या दिवशी डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवले तर खवट होत नाहीत, एवढी अक्कल सासूबाईंच्या त्या बदामानंतर माझ्या ओळखीतल्या सगळ्या घरांत पोचली आहे. उलट मोठ्या बाटलीतली हळद मी आणत नाही. सांगलीच्या माणसाला ती दाखवायची सोय नाही, आणि उघडल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तिचा नुसता रंग उरतो. तूरडाळ, पोहे, बारीक रवा, ज्वारीचं पीठ यांना ओक ट्री रोडला पर्याय नाही. पालकाचा मोठा डबा हे दोन माणसांच्या घरातलं संकट आहे: पहिल्या दिवशी पालक पनीर, दुसऱ्या दिवशी पातळ भाजी, तिसऱ्या दिवशी पराठे, आणि चौथ्या दिवशी नवरा बाहेर जेवू या म्हणतो. ते बाहेरचं जेवण पालकाच्या किमतीत कुणी धरत नाही.

डबाबंद राजमा आणि छोले यांचंही एक सांगायला हवं. जानेवारीत शॉपराइट या सुपरमार्केटचा 'कॅन कॅन' सेल लागतो, न्यू जर्सीतली जुनी परंपराच ती. सुपरमार्केट अशा वेळी गिऱ्हाईक ओढायला काही माल तोट्यातही देतं, वर कंपन्यांची कूपनं चालतात. कॉस्टकोत तशी कूपनं चालत नाहीत. नेहमीच्या भावात कॉस्टको जिंकतं, सेलच्या आठवड्यात हरू शकतं. फळीवरच्या पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दर पौंडाचा किंवा दर औंसाचा भाव लिहिलेला असतो, तो फोनमध्ये टिपून ठेवायचा. मोठं खोकं म्हणजे स्वस्तच असणार हे आपल्या मनानेच घेतलेलं असतं.

पण खरा खर्च होतो तो ठरवून घेतलेल्या वस्तूंवर नाही. या दुकानात कुठल्या रांगेत काय आहे याच्या पाट्या नसतात. आत शिरल्याबरोबर टीव्ही, मग कपडे, मग बागेतल्या खुर्च्या, आणि दूध-अंडी अगदी मागच्या भिंतीला. दुधापर्यंत पोचायला तुम्हाला अख्खी जत्रा फिरावी लागते, आणि दर खेपेला जत्रेत काहीतरी नवं असतं जे पुढच्या वेळी नसेल. हे आपोआप घडलेलं नाही, कंपनीची माणसंच त्याला खजिन्याचा शोध म्हणतात. ट्रॉलीही अशी प्रशस्त की चार वस्तूंनी ती रिकामीच दिसते. २०२३ पासून ऑनलाइन सोन्याच्या लगडीही विकायला लागले. हे सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "सोनं आहे होय? मग त्या कार्डाचे पैसे भर गं तू."

माझ्या मावशी पार्ल्याला राहायच्या आणि मुंबई ग्राहक पंचायतीच्या सभासद होत्या. १९७५ मध्ये सुरू झालेली ही संस्था. तिथेही घाऊक खरेदीच, तिथेही सभासदत्व. पण रीत वेगळी: आसपासच्या घरांचा एक संघ करायचा, प्रत्येकीने महिन्याची यादी आधी भरून द्यायची, सगळ्यांची बेरीज करून माल यायचा आणि मग बायका एकत्र बसून तो आपापसांत वाटून घ्यायच्या. लहानपणी सुट्टीत मी ते वाटप पाहिलंय. मावशींच्या दिवाणखान्यात साबणाच्या वड्यांचे मनोरे, तेलाचे डबे, डाळीच्या पिशव्या, आणि हातात यादी घेऊन टिकमार्क करणाऱ्या जोशीकाकू. घाऊकचा भाव मिळायचा आणि घरात माल यायचा किरकोळीचा. तिथे यादीत नसलेली वस्तू समोर येण्याची सोयच नव्हती.

कॉस्टकोचं माप घरच्या मापात आणायला मला तरी तीच एक वाट दिसते. आमच्या ओळीतल्या तीन घरांनी ती धरली आहे. गुरुवारी रात्री ग्रुपवर यादी पडते: कुणाला अर्धी अंडी, कुणाला दोन पौंड लोणी, कुणाला एक पाव. शनिवारी एक जण जातो, बाकीच्या दोघांची सकाळ मोकळी. या हिशेबात मी वेळही धरते, कारण शनिवारी अकरा वाजता तिथे गाडी लावायला जागा शोधणं, रांगेत उभं राहणं आणि शेवटी दारावर पावतीवर रेघ मारून घेणं यात अर्धा दिवस जातो आणि भूक लागते. मग पिझ्झा. हॉट डॉग आणि पेय मिळून दीड डॉलर, हा भाव १९८५ पासून हललेला नाही म्हणून त्याचं कौतुक होतं. आमच्याकडे तो कुणी खात नाही.

महाराष्ट्र मंडळाचा गणपती असला की मात्र वाटणी वगैरे काही नको. दीडशे माणसांचा महाप्रसाद, पत्रावळीऐवजी कागदी ताटं, पेले, दही, भाज्या, फळं; तिथे ती प्रचंड ट्रॉली शेवटी आपल्या कामाची वाटते. खजिनदार दोन ट्रॉल्या भरून रांगेत उभे असतात आणि चेहऱ्यावर चिंतेचा लवलेश नसतो. प्राइस साहेबांचं दुकान मुळात होतंच अशा गिऱ्हाइकासाठी. बेसमेंट असलेलं, सहा-सात माणसांचं, आजी-आजोबांसकट नांदणारं घरही त्याच जातीचं. जर्सी सिटीच्या पंधराव्या मजल्यावर, गाडीशिवाय राहणारी दोन नोकरदार मुलं त्या जातीची नव्हेत. त्यांना मी कार्ड काढू नका म्हणून सांगते, आणि ती तरीही काढतात. औषधांच्या काउंटरला तर कार्ड लागतही नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आमच्याकडे मुलगा टेक्सासला नोकरीला गेला, मुलगी कॉलेजच्या वसतिगृहात. तोंडं दोन उरली आणि वर्षाची खरेदी ३,२५० च्या बरीच खाली उतरली, म्हणून या वेळी वरचं कार्ड सोडून साधं घेतलं. मी तर तेही सोडायच्या विचारात होते, पण नवरा पेट्रोलवर अडून बसला. न्यू जर्सीत आपल्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे गाडीत बसून राहायचं सुख सगळीकडे सारखंच. भाव मात्र कॉस्टकोच्या पंपावर गॅलनमागे बहुधा काही सेंटांनी कमी. पूर्वी इथल्या पंपांवर कार्ड नसलेल्यांनाही पेट्रोल मिळायचं, जुलै २०२२ पासून ते बंद झालं. त्याचा रोजचा प्रवास लांबचा आहे, आणि त्याने कागदावर मांडून दाखवलं की नुसत्या पेट्रोलवर ६५ डॉलर सुटतात. रांगेत गाडी चालू ठेवून घालवलेली वीस मिनिटं त्या कागदावर नव्हती. ती मी लिहिली. मग त्याने टायर लिहिले: पुढच्या वर्षी चारही बदलायचे आहेत, आणि तिथे बसवले तर पुढचं चाकांचं बॅलन्सिंग आणि पंक्चर काढणं त्यातच येतं. टायरपुढे मी हात टेकले.

एक अट घातली. वाटणीच्या ग्रुपवर जे मागितलेलं नाही ते आणलं तर आणणाऱ्याने संपवायचं. गेल्या शनिवारी जायची पाळी त्याची होती. यादीत अंडी, लोणी, सफरचंदं आणि भांडी घासायचा साबण होता; तो आला ते हे सगळं आणि ब्लूबेरीचे दोन मोठे डबे घेऊन. भाव फार चांगला होता म्हणे. आज बुधवार, आणि सकाळी ओट्समध्ये, दुपारी दह्यात, रात्री नुसत्या, असं त्याचं चाललंय. दुसरा डबा अजून उघडायचाय.